तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट

"घनश्यामले आता बराबर दिसत नाई वो. मशीन देशील त जवळ उभी राहाजो," सुपातले खडे वेचता वेचता मंदाबाई म्हणाल्या होत्या.

दामिनीनं ते हसण्यावारी नेलं होतं. खांद्यावर मोनू रडत होती, नवरा, खुशाल, राइस मिलमध्ये जायची घाई करत होता आणि त्याच्या मोटरसायकलवर कम्प्युटरचा डबा अजून बांधायचा होता. अशा वेळी सासूबाईंचं बोलणं कुणाच्या कानात शिरतं? "आई, घनश्यामकाका डोळे मिटूनही मशीन खोलतात," ती म्हणाली आणि दोरीची गाठ आवळली. संध्याकाळी डबा परतही आला. काकांनी आतली धूळ काढली होती, पंखा साफ केला होता, नवी पेस्ट लावून दिली होती. मशीन सुरू झालं आणि ते बोलणं ती विसरून गेली.

आता मे महिना मध्यावर आला होता. लाखनीच्या रस्त्यांवर दुपारी कुत्रंही दिसत नव्हतं. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज उन्हात वितळून लांबून कुठूनतरी यावा तसा येई. पुढच्या खोलीत कूलर, कूलरसमोर मोनूचा पाळणा, पाळण्याशेजारी दामिनीचं टेबल. ती लग्नाचे अल्बम बनवी. लाखनी-साकोलीकडचे फोटोग्राफर फोटो पाठवत आणि दामिनी नवरानवरीला जिथं ते कधीच गेले नव्हते तिथं नेऊन ठेवी. बर्फाचे डोंगर, गुलाबांचे कमानदार रस्ते, चंद्र. त्या दिवशी तिच्या हातात दिघोरीची एक नवरी होती. फोटोत ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीशेजारी उभी होती. दामिनी तिला तिथून अलगद सोडवून एका निळ्या तळ्याकाठी नेत होती. मशीनची घरघर चालू होती, त्या घरघरीत मोनू झोपली होती आणि दामिनीलाही वाटू लागलं होतं की ती स्वतःच त्या तळ्यात पाय सोडून बसली आहे, पाणी गार आहे, कुणी हाक मारत नाही.

नवरी अर्धी सुटली होती. एक हात अजून दिघोरीच्या ट्रॉलीवर होता. तेवढ्यात माऊस अडकला, पुन्हा चालला, पुन्हा अडकला आणि पडदा काळा झाला.

घरघर थांबली तशी मोनू जागी झाली. शांततेनं जागी होणारं लेकरू होतं ते. दामिनीनं सवयीनं तिच्या नाकाखाली बोटाची मागची बाजू धरली. श्वास चालू होता. दिवसातून कितीदा ती असं बघे, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. मग तेच बोट तिनं डब्याच्या जाळीला लावलं आणि झटकन मागे घेतलं. जाळी तव्यासारखी तापली होती.

आत्ताच तर करून आणलं, तिच्या मनात आलं.

कॉलेजात असताना ती घनश्यामकाकांच्या दुकानात तासन् तास बसे. बी.एस्सी.ला कम्प्युटर विषय घेतला होता, पण मशीनच्या पोटात काय असतं ते तिनं पाहिलं ते काकांच्याच टेबलावर. त्यांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग कम्प्युटर. बायको जाऊन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोरीला ते 'पोरी'च म्हणत.

"हा प्रोसेसर अन् हा त्याच्यावरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा," ते सांगत. "दोन्ही सपाट दिसतेत. पण नाई, खड्डे हायेत. डोयाले न दिसणारे. त्या खड्ड्यात हवा बसली का गरमी अडकली. पेस्ट कायले लावतो आपण? धान रोवण्याआधी बांधीत चिखलावर फळी फिरवतो ना, तशी. सगळं एक झालं पाहिजे."

"कोणती घ्यायची मग?"

"पातळ घेशील त आपल्या उन्हात बाजूनं वाहून जाते. चांदीवाली भारी थंड ठेवते, पण बाजूले सांडली अन् करंट पकडला का बोर्ड खतम. आपल्याले घट्ट पाहिजे, राखाडी, करंट न नेणारी. अन् लावायची किती? तांदळाच्या दाण्याएवढी. वरून ठोकळा दाबला का तेच पसरते."

"कोणत्या तांदळाचा दाणा, काका? लुचई का एचएमटी?"

काका पोट धरून हसले होते. "लुचईचा जाडा होते. पण एचएमटीचा टाकून कंजुसी नोको करू."

ते सगळं आठवत दामिनीनं वायर काढली, डबा निवू दिला, स्क्रू सोडले. मंदाबाई मोनूला मांडीवर घेऊन दारातून पाहत होत्या. ठोकळा हलेना. वळवून वळवून काढला तेव्हा कट् असा आवाज आला आणि खाली पांढरा, भेगाळलेला थर दिसला. वाळलेल्या भिंतीचा पोपडा असावा तसा.

पेस्ट वाळते, हे तिला माहीत होतं. पण वर्षांनी. पंधरा-वीस दिवसांत नाही. तिनं नखानं पोपडा उचलला, थेंबभर पाण्यात चोळला. बोटाला ओळखीची आग झाली. वास आला तो थेट तिच्या वडिलांच्या सदऱ्याच्या खिशाचा.

"आई," ती म्हणाली, "हा चुना आहे. तंबाखूचा."

 मी सांगितलं होतं, असं म्हणायला मंदाबाईंना पूर्ण जागा होती, तरी त्यांनी ती वापरली नाही. मोनूच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

 काकांचा खर्रा ते स्वतःच घोटायचे, प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारी घालून, वर चुना पिळून. चुना मशीनमध्ये आला असेल तर पेस्ट कुठे गेली?

"आई, मी जाऊन येते."

"ह्या उन्हात?"

"मोनूला ठेवून जाते."

मोनू झाल्यापासून ती लेकराला सोडून कुठे गेली नव्हती. मंदाबाईंनी एकदा सुनेकडे, एकदा दाराबाहेर पाहिलं. "जाय. मी हावो ना. मरत नाई तुही पोरगी दोन घंट्यात. दुपट्टा बांधून जाय."

उन्हात सगळं तरंगत होतं. समोरून येणारा सायकलवाला जमिनीपासून वीतभर वर चालला होता, उड्डाणपुलाचे खांब पाण्यात उभे असल्यासारखे थरथरत होते. पुलाच्या सावलीत शिरल्यावर मात्र एकदम संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. वरून ट्रक जात होते आणि खाली काकांच्या दुकानातली पत्र्याची डबी प्रत्येक ट्रकसरशी बारीक वाजत होती.

"कोण? पाय दामिनीचे, चप्पल खुशालची," काका चपलांचा आवाज ऐकून, मान वर न करता म्हणाले. "एवढी कायची घाई झाली वो?"

तिनं खाली पाहिलं. खरंच खुशालच्या चपला होत्या.

काकांच्या हातात पन्नी होती. अंगठा गोल फिरत होता.

"काका, थांबा. तोंडात टाकू नका."

"काहून?"

"दाखवा आधी."

"पाह्य बाप्पा, पाह्य तूच. हा चिंधू पानठेलेवाला डुप्लिकेट चुना देऊन राहिला. लय रोज झाले, तोंडाले लागतच नाई. काल भांडून आलो मी त्याच्याशी. म्हटलं, बेट्या, मैदा भरून विकतं काय?"

टेबलावर दोन ट्यूबा होत्या. सारख्याच लांबीच्या, सारख्याच पांढऱ्या, सारख्याच टोपणाच्या. पेस्ट आधी इंजेक्शनसारख्या पिचकारीत यायची. या वेळी नागपूरच्या माणसानं ट्यूब पाठवली होती. पिचकारी काकांच्या बोटांना ओळखता येई. ट्यूब आली आणि बोटं फसली. दामिनीनं जवळची ट्यूब बोटावर पिळली. तेलकट, चिकट, गार. आग नाही, वास नाही.

हो काका, चुना डुप्लिकेटच आहे, असं म्हणून ही ट्यूब पर्समध्ये टाकावी आणि निघावं, एवढं सोपं होतं ते. शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही. पण उद्या दुसरी ट्यूब येईल. परवा तिसरी.

तिनं आपलं बोट काकांच्या हातात दिलं.

काकांनी ते चोळलं. पुन्हा चोळलं. नाकाशी नेलं. वरून एक लांब ट्रेलर गेला.

"हे त पेस्ट होय."

"हो काका."

"मंग तुह्या मशीनले..."

"चुना."

काका हसायला लागले. "लिपून टाकलं म्हण ना! कम्प्युटर लिपून टाकला मी!" हसता हसता त्यांनी सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिले.

"खाल्ली ती पोटात गेली नाही ना? दवाखान्यात चला."

"थुकतोच ना मी. काई नाई होत मले." ते थोडा वेळ टेबलावर हात फिरवत राहिले, जणू तिथं काही सांडलं होतं. "पोरी, तुह्या मागून अजून किती जणाईच्या मशीन आल्या असतीन... कोणाले सांगू नोको." मग लगेच मान हलवली. "नाई. सांगाच लागंन. मीच सांगतो. तू नोको सांगू."

मोतीबिंदू पिकला होता. सोमवारी भंडाऱ्याला ऑपरेशनला बोलावलं होतं, हे त्यांनी तिला तेव्हा सांगितलं. याआधीही एकदा बोलावलं होतं, ते गेले नाहीत.

"सोबत माणूस आणजो म्हणतेत. आता माणूस कोठून आणू मी? दुकानात त नाई भेटत."

"मी येते."

"लेकरू अंगावर पिते तुह्यं."

"आई आहेत घरी. सोमवारी सकाळी मी येणार, आणि माझं मशीन तुम्हीच करायचं. डोळे बरे झाल्यावर. तोवर बंद राहील."

"नवरीवाले बोंबलतीन ना वो."

"बोंबलू द्या."

तिनं केसांचा रबर काढला आणि पेस्टच्या ट्यूबच्या मानेला दोन वेढे देऊन गुंडाळला. काकांनी ट्यूब हातात घेतली, अंगठ्यानं रबर चाचपला, आणि खिशात ठेवली.

घरी आल्यावर मोनू झोपलेली होती. मंदाबाई सुपानं वारा घालत बारीक घरघर करत होत्या, मशीनसारखीच. दामिनीला पाहून लाजल्या. "काय करू मंग? आवाजाबिगर झोपतच नाई हे."

सोमवारी ती सांगितल्या वेळी पुलाखाली पोचली. शटर बंद होतं. शेजारच्या पानठेल्यावर चिंधू पानं पुसत होता.

"गेला ना पहिल्या गाडीनं," तो म्हणाला. "म्हणे, लेकुरवाळीले कायले उन्हात फिरवू. नाकाडोंगरीची बहीण हाय ना, पार्वताबाई, तिलेच भंडाऱ्याले बोलावलं परस्पर."

"त्या तर काकांपेक्षा मोठ्या आहेत."

"मोठ्या म्हणजे! काठी टेकत चालते. आता कोण कोणाले धरते, काय मालूम." चिंधूनं फडकं झटकलं. "अन् ताई, तीन रोज सगळ्या गावात फिरला म्हातारा. ज्याच्या ज्याच्या मशीनले हात लावला, त्याच्या दारात उभा राहून सांगून आला. माह्या हातानं चुना लागला, चालू नोको करजो, बोर्ड जाईन. कोणी शिव्या देल्ल्या, कोणी चहा देल्ला. शेवटी माह्या ठेल्यावर आला. म्हणे, चिंधू, तुहा चुना चांगला होता रे."

मग त्यानं गल्ल्याखालून एक ट्यूब काढून तिच्या हातात दिली. मानेला रबराचे दोन वेढे तसेच होते. "हे तुमाले द्यायले सांगलं. म्हणे, तूच लाव."

दामिनीनं त्या दुपारी जुना पोपडा ओल्या फडक्यानं सुटा केला, खरडला, कोरड्या फडक्यानं पुसला. धातू आरशासारखा निघाला आणि त्यात तिला आपला एक डोळा दिसला. मधोमध तिनं पेस्ट ठेवली. लुचईपेक्षा कमी, एचएमटीपेक्षा जास्त. ठोकळा सरळ खाली दाबला, न सरकवता. घरघर सुरू झाली. दिघोरीच्या नवरीचा दुसरा हात ट्रॉलीवरून सुटला आणि ती अख्खी तळ्याकाठी आली. पाळण्यात मोनूचे डोळे मिटत गेले.

मशीन आता गार चालतं. दामिनी मात्र त्या घरघरीत मधूनच कान देऊन बसते. ऑपरेशन झालं, एवढा एक निरोप आला. बहीण त्यांना नाकाडोंगरीला घेऊन गेली म्हणतात. त्यानंतर फोन लागत नाही. पुलाखालचं शटर खालीच आहे. डोळ्यात थेंब वेळेवर पडतात की नाही, पट्टी काढली की नाही, काढल्यावर काय दिसलं, हे सांगणारं कुणी नाही. लेकराला घेऊन इतक्या लांब, या उन्हात, तिला जाता येत नाही. खुशाल म्हणतो, पुढच्या सुट्टीला पाहू.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कुणी तुमसरकडून नाकाडोंगरीला जाणार असेल, तर तिचं एवढंच मागणं आहे. पार्वताबाईंचं घर विचारा. ओसरीत घनश्यामकाका बसलेले असतील. लांबून हात हलवू नका, तो कदाचित त्यांना दिसणार नाही. चपला वाजवत जा, तुमचं नाव सांगा, लाखनीच्या दामिनीचं मशीन नीट चालू आहे म्हणून सांगा. आणि थेंब टाकायची वेळ असेल, तर तेवढा वेळ जवळ उभे राहा.