चौथा नियम

पत्त्यांचा जोड काढायला फलाट कपाटाशी वाकला आणि तसाच थांबला.

"कागद कुठंय?"

"कुठला कागद?" गळतीवाल्याने विचारलं. खोटं बोलायचं असलं की तो प्रश्नाला प्रश्न लावतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"नियमांचा. दाराला आतून चिकटवलेला. हा बघ, डिंक अजून आहे."

"जुना झाला होता. काढला."

"आज?"

उत्तर स्वयंपाकघरातून गळतीवाल्याच्या बायकोने दिलं. "दुपारी काढलाय, भाऊजी. सुरीने खरवडून. रंगाचा पोपडा निघाला."

फलाट हसला. म्हणजे हसल्यासारखी हवा बाहेर आली. आठ महिन्यांपासून त्याच्या आवाजाचं असंच चाललं होतं.

या आवाजावर त्याने सव्वीस वर्षं नोकरी केली होती. बस स्थानकातल्या काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागलीय हे तो सांगायचा. साऱ्या शहराला आवाज पाठ होता, चेहरा कुणालाच नाही. बायको गेली तेव्हा तो रजा मागायला आत गेला, तर तोंड उघडेपर्यंत साहेबांनी त्याला प्रवासी समजून बाहेर थांबायला सांगितलं होतं. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळीकडे तो फलाट.

दर दुसऱ्या शनिवारी आपल्या गावाकडे जाणारी शेवटची गाडी तो स्वतः पुकारायचा, ती सोडून द्यायचा आणि इथे गळतीवाल्याकडे मुक्कामाला यायचा. जेवण, पत्ते, झोप. अकरा वर्षं हे चाललं होतं. आज मात्र शनिवार नव्हता. उद्या सकाळी आठला दोन गल्ल्या पलीकडच्या इस्पितळात त्याला दाखल व्हायचं होतं. परवा स्वरयंत्र काढणार होते. मुलगी आणि जावई उद्या तिकडेच येणार होते, आणि एकदा मुलगी आली की बापाच्या उशाशी दुसऱ्या कुणाला जागा मिळायची नाही. म्हणजे गळतीवाल्याला जे विचारायचं होतं ते विचारायला आजची रात्र होती. उत्तर तोंडी मिळायची सोय त्यानंतर राहणार नव्हती.

"टाकला नसशील तू," फलाट म्हणाला. "सरकारी माणूस आहेस. आण तो कागद."

कागद टेबलाच्या खणातच होता. सात नियम, गळतीवाल्याच्या कार्यालयीन अक्षरात, खाली तारीख आणि सही. पहिले तीन पिसण्या-वाटण्याचे. चौथा असा: 'खेळ चालू असताना जो भिडू खोकेल, त्याच्या पक्षाचा तो डाव बाद समजण्यात येईल. सबब ऐकून घेतली जाणार नाही.'

हा नियम तीन वर्षांपूर्वीचा. फलाट आणि गळतीवाल्याच्या सासूबाई कायमचे भिडू. सासूबाई ऐंशीच्या, एका कानाने पूर्ण आणि दुसऱ्याने सोयीप्रमाणे बहिऱ्या. हुकूम सांगायची पाळी त्यांची आली की फलाट खोकायचा. एकदा म्हणजे बदाम, दोनदा चौकट, तीनदा किलवर, चारदा इस्पिक. सासूबाईंना ऐकू जावं म्हणून इतक्या जोरात, की शेवटी खालच्या मजल्यावरच्यांनी औषध सुचवलं आणि भानगड उघडी पडली. त्यावर नियम झाला. फलाटाने तो निमूट पाळला. त्या दिवसापासून या टेबलावर तो एकदाही खोकला नाही.

फलाटाने कागदाला नवा डिंक लावला, जागच्या जागी दाबून बसवला. "हां. आता घर वाटतंय."

जेवायला वहिनींनी बटाट्याचं सूप, मऊ भात आणि काटे काढलेला मासा केला होता. फलाटाने सगळ्यांची ताटं पाहिली, मग आपलं.

"वहिनी, काप कुठायत?"

"तळलेलं कसं देऊ? घशाला टोचेल."

"परवा घसाच काढतायत. आता कुणासाठी जपू?"

कुणी हसलं नाही. सासूबाईंना ऐकू आलं नव्हतं आणि बाकीच्यांना आलं होतं. वहिनी उठल्या, चार बटाटे चिरले, कढई चढवली. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता आणि तळायला लागणाऱ्या वेळेपेक्षा बराच जास्त वेळ तो तिकडेच राहिला.

काप आले. फलाट एकेक काप दाढेखाली धरून बराच वेळ कुरकुर आवाज काढत बसे आणि गिळताना डोळे मिटून घेई. गिळणं अवघड होतं, पण त्याचा चेहरा तक्रारीचा नव्हता. लांबच्या गाडीत खिडकीची जागा मिळालेल्या माणसाचा होता.

"डॉक्टर भला माणूस आहे," तो म्हणाला. "विचारलंन, खोकला किती दिवस आहे? म्हटलं, तीनेक वर्षं. रोज येतो? म्हटलं, दुसरा शनिवार सोडून."

वहिनी हसल्या. गळतीवाल्याचा घास हातातच राहिला.

त्याचा धंदा ऐकण्याचा होता. पाणी खात्यात तो गळती शोधायचा. रहदारी सुरू होण्याआधी रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, तिच्या टोकाला कान लावायचा. डांबर, खडी, माती या सगळ्याच्या खाली पाणी कुठे वाट सोडून निघालंय ते त्याला ऐकू यायचं. खात्यात त्याच्याबद्दल फार आदर होता. म्हणजे बढती मिळाली नव्हती. फलाटाला इथे मोकळेपणी खोकू दिलं असतं, तर तो खोकला साधा नाही हे आपल्या कानाला कळलं असतं, असं त्याच्या मनाने महिनाभर घेतलं होतं. आणि मनाने घेतलेलं खरवडायला सुरी चालत नाही.

पत्ते वाटले. सासूबाईंनी पाने डोळ्यांजवळ नेली.

"काय रे फलाटा, पुढच्या खेपेला बोली कशी लावणार तू?"

प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. विचारायची हिंमत फक्त बहिऱ्या माणसात होती.

"टिचकी मारीन, आजी. टेबलावर. जितक्या टिचक्या तितकी बोली."

"मला ऐकू यायची नाही."

"तळवा टेकवून ठेवा. हाताला कळेल." त्याने टेबलावर तीनदा टिचकी मारली. सासूबाईंनी तळवा टेकवला आणि गंभीरपणे मान डोलावली.

"लिहून घे रे," फलाट म्हणाला. "आठवा नियम."

गळतीवाल्याने पेन काढलं. "ज्या भिडूस... काय लिहू?"

"ज्या भिडूस आवाज नाही. एवढंच. 'दुर्दैवाने' वगैरे घालू नकोस. तुझ्या खात्याची भाषा मला माहितेय."

'दुर्दैवाने'मधला 'दु' लिहून झाला होता. गळतीवाल्याने तो खोडला.

तिसऱ्या डावात फलाटाची मान ताठ झाली. त्याने पाने पालथी ठेवली, "आलो" म्हणाला आणि न्हाणीघरात गेला. कडी लागली. नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला.

"अरे, नळ!" गळतीवाला ओरडला. सवयीनेच. फलाट अकरा वर्षांपैकी निदान शेवटची तीन तरी असा मधेच उठायचा, पाच-पाच मिनिटं नळ धो-धो वाहू द्यायचा, आणि गळतीवाला दारावर थाप मारून दोन बादल्या पाणी वाया गेल्याचं व्याख्यान द्यायचा. फलाट बाहेर येऊन माफी मागायचा. आजही आला. डोळे लाल होते.

"चेहरा धूत होतो. वाटा पुढे."

फलाट आणि सासूबाई सलग चार डाव जिंकले. कुणी मुद्दाम हरत होतं असं नाही. दोघं नवरा-बायको पानांकडे बघतच नव्हते, इतकंच.

अंथरूण घालताना गळतीवाल्याने विचारून टाकलं. "एक सांग. नियम केला तेव्हा... तुला खरंच यायचा का रे खोकला? की खुणाच होत्या?"

फलाट उशीचा अभ्रा सरळ करत राहिला.

"झोप आता. पहाटे तुला रस्ता ऐकायला जायचंय."

"उद्या रजा टाकलीय."

"तू? रजा?" फलाट म्हणाला. "मग मामला गंभीर दिसतोय." आणि त्याने दिवा घालवला.

सकाळी सहाला गळतीवाल्याला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. न्हाणीघराचा नळ, पूर्ण सोडलेला. पाय आपोआप जमिनीवर आले, हात आपोआप उठला. दारावर थाप मारण्याइतका तो जवळ गेला आणि थांबला.

नळाखाली आणखी एक आवाज होता. पाण्याच्या मागे, दाबलेला, बहुधा टॉवेलमध्ये. चार हात मातीखालचं ऐकणाऱ्या माणसाने तीन वर्षं याच दाराशी उभं राहून फक्त पाणी ऐकलं होतं.

हात तसाच वर होता. दाराखालच्या फटीतून फलाटाला त्याच्या पायांची सावली दिसली असावी.

आतून नळ बंद झाला.

आता घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. मग खोकला आला, उघडा, टॉवेलशिवाय. एक. बदाम, असं गळतीवाल्याच्या डोक्यात आपसूक उमटलं. दोन, चौकट. तीन, किलवर. चार, इस्पिक.

पाचवा आला. पत्त्यांत पाचवा रंग नसतो.

सहावा आला, सातवा आला. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, कोण खोकतंय? डाव कुणाचा?"

"त्याचाच," गळतीवाला म्हणाला. त्यांना ऐकू गेलं नसणार. त्याने स्वयंपाकघरातून पेल्यात पाणी आणलं, काठापर्यंत भरून, आणि ते न सांडता दाराबाहेर उभा राहिला.