मेन कॉक

बायको जाऊन वर्ष झालं त्या सकाळी प्लंबर घरच्या कॉम्प्युटरवर तिचे फोटो बघायला बसला, तर एकही उघडेना. आदल्या दिवशी तो तिच्या आवडीच्या विणकामाच्या साइट चाळत होता. त्यातल्याच एकीतून घातक स्क्रिप्ट, म्हणजे साइट उघडताच आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, शिरली होती आणि सगळ्या फोटोंना कुलूप ठोकून गेली होती.

लेकीने फोनवरून स्क्रिप्ट अडवणारं बटण दाखवलं. त्याने ते झाडून सगळ्या साइटना लावलं. गळती सापडेना की आधी मेन कॉक बंद, मग एकेक नळ सोडून बघायचा, ही त्याची कामाची रीत.

"बाबा, आपला व्हिडिओ कॉलही बंद पडला! मी काय चोर आहे?"

"तू थांब गं जरा. आधी त्या नालायकाची मानगूट धरतो."

"तो कधीच पसार झाला असेल."

"जातोय कुठे? चटावलाय तो."

आता तो रोज एका साइटची स्क्रिप्ट सोडतो आणि दबा धरून बसतो. आमिष म्हणून कॉम्प्युटरमध्ये त्याने स्वतःचे फोटो ठेवलेत. अजून त्यांना कोणी हात लावलेला नाही. निम्म्याहून जास्त साइट तपासायच्या राहिल्या आहेत.