सोळाच्या जागी बत्तीस

मित्रांनो, मी एक जुना ब्रेकर आहे, सोळा अँपिअरचा. मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगतो, कारण या घरी आल्यागेल्याला उलटंच सांगतात.

बरकतपुऱ्यात मुकुंदरावांच्या घरी, दारामागच्या विजेच्या पेटीत मी अठरा वर्षं उभा होतो. माझ्यातून वीज निघे आणि भिंतीतल्या एका बारीक तारेतून आतल्या खोल्यांत जाई. त्या तारेला सोसेल तेवढीच वीज सोडायची, जास्त झाली की खटकन खाली पडून वाट बंद करायची, एवढंच माझं काम. मुकुंदराव विज्ञानाचे शिक्षक. शिकवणीच्या मुलांना ते माझ्याकडे बोट करून सांगत, "हा पहारेकरी. हा पडला की समजायचं, तारेवर भार झालाय." तेव्हा मला फार बरं वाटे.

निवृत्तीनंतर त्यांनी झोपायच्या खोलीत एसी बसवला. एसी, फ्रीज, मायक्रोवेव्ह, सगळं त्याच तारेवर. मे महिन्यात मी दुपारी तीन-तीनदा पडू लागलो.

"म्हातारा झाला मेला!" मुकुंदराव चिडत.

"तुमच्याहून लहानच आहे," पद्मावतीबाई हसत.

यादगिरी इलेक्ट्रिशियन आला. पेटी बघून म्हणाला, "ब्रेकर अच्छाच है साब. तार पतली है. एसी को अलग मोटी तार डालना पडता. बडा ब्रेकर नक्को."

"दीवार फोडते क्या? अब्बीच रंग दिलाया!" मुकुंदराव म्हणाले. पाडव्याला दिलेला रंग अजून नवा होता. यादगिरीला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी कोठीच्या बाजारातून बत्तीसचा ब्रेकर आणला. काम मात्र त्यांनी नेटकं केलं, हे मला कबूल करायलाच हवं. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून पेटतो ना, ते पाहिलं. मग मेन स्विच पाडला. माझ्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला. बाहेरून मेनकडे येणाऱ्या तारांत वीज असतेच, तिकडे हातही नेला नाही. पायाखाली कोरडी फळी घेतली. नव्याचे स्क्रू घट्ट आवळले.

टॉर्च धरून उभ्या पद्मावतीबाई म्हणाल्या, "अहो, यादगिरी नको म्हणाला होता ना?"

"चाळीस वर्षं हाच धडा शिकवलाय मी. टॉर्च सरळ धर."

शिकवला होता, खरंच. पण त्या दिवशी नव्या ब्रेकरवरचा आकडा त्यांनी एसीशी ताडून पाहिला, तारेशी नाही.

मी गेलो पेटीखालच्या ड्रॉवरमध्ये, मेणबत्त्या आणि सुतळीच्या सोबतीला.

"बघ, एकदाही पडला नाही!" ते रोज म्हणत. मी आतून ऐकत होतो. भिंतीत तार भाजत होती आणि तिला सोडवणारं कुणी नव्हतं.

"काहीतरी करपतंय हो."

"शेजारी असेल."

पाचव्या आठवड्यात, भर दुपारी, एसीच्या प्लगजवळचा पडदा पेटला. झोपेतून उठून पद्मावतीबाईंनी तो उजव्या हाताने ओढून काढला. मुकुंदरावांनी धावत येऊन मेन पाडला. बत्तीसवाला तोवर ताठ उभाच होता.

मग भिंत फुटली, जाड तार आली, रंगही पुन्हा झाला. पाहुण्यांना मुकुंदराव सांगतात, "जुना ब्रेकर खराब होता हो, तिथून सगळं सुरू झालं." बाई उठून आत जातात.

मित्रांनो, तुमच्या घरी ब्रेकर सारखा पडत असेल तर त्याला बोल लावू नका. पेटीही उघडू नका. मोठ्यांना सांगा, जाणता इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि तो तार बदला म्हणाला तर भिंतीच्या रंगाकडे पाहू नका.

काल दिवेलागणीला पद्मावतीबाईंनी काडेपेटीसाठी ड्रॉवर उघडला. उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत, म्हणून डाव्या हाताने. मी हाताला लागलो. माझ्यावरचा आकडा त्यांनी पदराने पुसला.

"तो खराब ब्रेकर अजून टाकला नाहीस?" मुकुंदरावांनी दारातून पाहून विचारलं.

"खराब नव्हता तो," त्या म्हणाल्या, आणि डाव्या हातानेच ड्रॉवर लावून घेतला.