माझ्या सालीवरचं एकोणीसशे एकोणीस

मी पाइन बोलतोय. उरल पर्वताच्या उतारावरचा, पोटात मधमाश्यांची ढोली असलेला. सांगतो त्यातला शब्द न् शब्द खरा, माझ्या राळेची शपथ! माझ्या शेंड्यावरून उफा शहर दिसतं. बरं, नाही दिसत. पण पुढचं सगळं खरं.

माझी ढोली माझ्या मालकाच्या, इश्बिर्देच्या पणजोबानं कोरली आणि सालीवर घराण्याची खूण कापली, कावळ्याच्या पावलासारखी. आम्हा बाश्कीरांच्या रानात झाड खुणेवरून ओळखतात. ती नाकारणं म्हणजे वाडवडिलांना नाकारणं. अस्वलंसुद्धा ती वाचतात आणि मुकाट शेजाऱ्याच्या झाडावर चढतात.

एकोणीसशे एकोणीसच्या वसंतात इश्बिर्दे घोडदळातून परतला, तो एक कागद नाचवतच.

"मॉस्कोनं सही केलीय! आपलं सरकार, आपलं सैन्य, हे रानही आपलं!"

"माश्यांना विचारलंत का, बाबा?" त्याची लग्नाला आलेली लेक यानबिका म्हणाली.

"जीभ फार चालते तुझी. कुऱ्हाड दे इकडे."

आणि त्यानं घराण्याच्या खुणेखाली ते वर्ष कोरलं. दुखलं मला. पण त्याला गाताना ऐकलं आणि सोसलं.

पुढच्याच वर्षी मॉस्कोनं दिलेलं बरंचसं काढून घेतलं. आमचे पुढारी डोंगरात पळाले. मग दुष्काळ आला; लोकांनी झाडांच्या साली उकळून खाल्ल्या. आमच्या नव्या प्रजासत्ताकाचं नाव तेवढं राहिलं. ढोलीवरची खूण तशीच असावी आणि आतली पोळी कुणी काढून न्यावीत, तसं. पुढे मीही सामुदायिक शेतीचा झालो. माझ्यावर रंगानं नंबर टाकला.

सदतीस साली सरकारचे लोक माणसं पकडून नेऊ लागले. ज्या वर्षाचा अभिमान धरायचा, तेच वर्ष गुन्हा ठरलं. गावच्या मास्तरालाही नेलं, तसं यानबिकेनं बापाला माझ्यापाशी गाठलं.

"हे वर्ष तासून टाकते. अस्वलानं ओरबाडलं म्हणू."

"अस्वल आकडे बघून ओरबाडतं होय गं?"

"थट्टा कसली करता? जीव जाईल तुमचा!"

"वर पणजोबांची खूण आहे. कुऱ्हाड लावू नकोस."

ती रागानं न जेवताच गवत कापायला गेली. दुपारी शहरातून तिघे आले.

"हे वर्ष कुणी कोरलं?"

इश्बिर्देनं टोपी सरळ केली. "मी. खूण माझी, वर्षही माझंच."

त्याला नेलं. केसांत गवत घेऊन यानबिका धावत आली, तेव्हा त्याचा झाडावर चढायचा चामडी पट्टा तेवढा माझ्या बुंध्याला होता.

आता ती म्हातारी झालीय. दर मधाच्या हंगामात येते, सालीला कान लावते. "सांग ना रे, काय म्हणाले माझे बाबा?" मी सळसळतो, तेच उत्तर देतो: 'खूण माझी, वर्षही माझंच.' तिचा वाकलेला कणा जरा ताठ होतो. मग घरी जाते.

तुम्हाला मात्र कबुली देतो. ते उत्तर मी रचलंय. त्या दुपारी इश्बिर्देनं टोपी काढून हातात घेतली होती. तो म्हणाला, "हे झाड माझं नाही. ही खूणही माझी नाही."

तरी नेलंच त्याला.

तिला सांगू नका.