स्वस्तातली फ्रेंच

वेटरने बाटलीचं बूच ओढलं, तसा तिने आपल्या ग्लासवर हात आडवा धरला.

"मला नको."

"अगं, घोटभर तरी घे," कॅशिअरबाई म्हणाल्या. चष्म्याच्या दुकानातून त्या आज निवृत्त झाल्या होत्या आणि हे जेवण त्यांच्याकडूनच होतं. "रेड वाइन आहे, तीही फ्रेंच. आणि भाव बघ! मेनूकार्डात अगदी तळाशी दडून बसली होती बिचारी. दोन वाट्या सुपाच्या पैशांत फ्रान्स!"

"एवढी स्वस्त म्हणजे रंगीत पाणी," भिंगं घासणारा कारागीर म्हणाला. मग एक घोट घेतला आणि लगेच दुसरा.

बाईंचं मन मोडवेना, म्हणून तिने हात काढला. बाटलीपायी तिच्या घराची काय दशा झाली होती, ते या टेबलावर कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याची नोकरी गेली, सख्ख्या नणंदेने येणं सोडलं. अखेर त्याने पिणं सोडलं, त्याला आता कुठे वर्ष उलटत होतं. अजूनही ती खोकल्याचं औषध घरात आणताना आधी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची.

पहिला घोट तुरट लागला. दुसऱ्याबरोबर ऊब खाली उतरली आणि तिचे खांदे आपसूक सैल पडले. इतकी वर्षं तिने या गोष्टीला शिव्याशाप दिले होते, पण ती चांगली लागत असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

"एकदा एक गिऱ्हाईक परत आलं," कारागीर सांगत होता. "म्हणालं, नव्या चष्म्यातून बायको फारच स्पष्ट दिसते, जुनाच नंबर द्या!"

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि ग्लास तिने स्वतःहून पुढे केला.

घराकडे वळताना मात्र तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपरमिंट घेतली. चघळता चघळता एकदम थबकली. तोही हेच करायचा. उरलेली गोळी तिने गटारात थुंकली.

दार नवऱ्यानेच उघडलं.

"कसं झालं जेवण?"

"झालं की. ठीक होतं," ती तोंड वळवून म्हणाली.

तो कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. त्याने एक लांब श्वास आत घेतला. तिचं उत्तर तयारच होतं: एकदाच तर घेतली, तुझ्यासारखी रोज नाही. पण तो नुसता वळला. आत गेला, उशी आणि चादर घेऊन आला आणि कोचावर अंथरू लागला.

"रागावलास?"

"नाही गं."

"मग इथे का झोपतोस?"

चादरीची एकही सुरकुती उरली नव्हती, तरी तो ती हाताने सारखी करत राहिला.

"वास फार चांगला येतोय," तो म्हणाला. "तू आत जा. आतून कडी लावून घे."