मुक्कामवहीतल्या चार सह्या

मित्रांनो, मी एक जुनी मुक्कामवही आहे. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, कारण माझ्यानंतर अशी वही कोणी बांधलीच नाही. बोलिव्हियाच्या डोंगरातल्या एका विद्यापीठात, पदव्युत्तर विभागाच्या कचेरीत माझी एकोणीस वर्षं गेली. आता तळघरातल्या फडताळात पडून आहे. इथे ओल आहे, कसर आहे, आणि बोलायला कोणी नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

बाजारामागच्या एका म्हाताऱ्या बांधणीवाल्याने मला घडवलं. चारशे पानं दोऱ्याने शिवली, पाठीला लाल कापड लावलं, कोपऱ्यांना पितळ ठोकलं. विद्यापीठाची अटच होती, की वही अशी हवी की एक पान जरी कोणी फाडलं तरी कळावं. थोडक्यात, माणसांवरचा संशय माझ्या जन्मातच शिवला गेला होता. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

माझं काम ऐका. मोठी पदवी हवी असेल तर विद्यार्थ्याने दोन वर्षं शहरात मुक्काम करायचा, असा नियम होता. गावाहून ये-जा चालायची नाही. पुराव्यासाठी दर सोमवारी सकाळी कचेरीत येऊन सही करायची. माझ्यात प्रत्येकाचं एक पान होतं आणि पानावर दोन वर्षांच्या सगळ्या सोमवारांच्या चौकटी, तारखा आधीच घालून ठेवलेल्या. सलग तीन चौकटी रिकाम्या राहिल्या की मुक्काम तुटला. मग पुन्हा पहिल्या सोमवारापासून सुरुवात. कुलगुरू पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "ही आमच्या पदवीची इभ्रत." मी फुगून जायची. कोणाचा मुक्काम कशाने तुटला, हे मला कधी कोणी विचारलं नाही आणि मीही मनाशी विचारलं नाही.

मला सांभाळायचे डोन सातुर्निनो, विभागाचे शिपाई. आमच्याकडे मोठ्या माणसाला आदराने डोन म्हणतात, बाईला डोन्या. रोज सकाळी फडक्याने माझं कापड पुसायचे, पेन झटकून बघायचे, मग मला खिडकीजवळच्या मेजावर मांडायचे. तोंडाने फटकळ. एखाद्या पोराने घाईत रेघोटी ओढली की म्हणायचे, "ही सही आहे का कोंबडी चालून गेली?" पण कोणाची चौकट रिकामी दिसली की त्यांचाच जीव खालीवर व्हायचा.

एका सोमवारी डोन्या एदुविहेस आल्या. वय शेहेचाळीस, डोंगरापलीकडच्या एका वस्तीवर शाळामास्तरीण. बिनपगारी रजा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या बायांना बटाट्याच्या एकसष्ट जाती ठाऊक होत्या, कोणती कुठल्या उतारावर लावायची, कोणती गोठवून वाळवायची, कोणती लग्नात शिजवायची. म्हाताऱ्या एकेक करून जात होत्या आणि त्यांच्याबरोबर जातीही. बाईंना ते सगळं प्रबंधात उतरवायचं होतं. सही करताना पूर्ण नाव लिहायच्या, आईच्या आडनावासकट, गोल गोल अक्षरात.

"अहो डोन्या, आद्याक्षरं टाका की. सोमवार संपेल अशाने," डोन सातुर्निनो म्हणाले.

"आईबापांनी अख्खं नाव दिलंय, डोन सातुर्निनो. निम्मं का लिहू?"

त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

त्यांची मार्गदर्शक होती डॉक्टर आरांसिबिया. बाई मनाने चांगली, पण तिच्या गळ्यात चौदा विद्यार्थी. डोन्या एदुविहेसना ती सहा महिन्यांतून एकदा भेटायची, तीही जिन्यात, एका हातात किल्ल्या आणि दुसऱ्या हातात कोणाचे तरी कागद. "छान चाललंय हो तुमचं, पुढचं प्रकरण पाठवा," म्हणायची आणि खाली उतरायची.

पहिल्या वर्षी जुलैत डोन्या एदुविहेसची आई गेली. नोव्हेंबरात मृतांचा सण आला. आमच्याकडे माणूस गेल्यावर तीन वर्षं त्याच्यासाठी ताट मांडावंच लागतं. एक तारखेला दुपारी जीव घरी येतो, दोन तारखेला दुपारी परत जातो. ताट नसेल तर उपाशी जातो. त्यात पहिलं वर्ष, आणि या थोरली लेक. शुक्रवारी त्या सांगायला आल्या.

"दोन तारखेचा सोमवार सुट्टीचाच आहे. नऊ तारखेच्या सोमवारी हजर होते बघा."

"या सावकाश. आईला माझा पण नमस्कार सांगा," डोन सातुर्निनो म्हणाले.

त्या गेल्या, आणि चार तारखेला रस्ते बंद झाले. कुठल्या तरी मागणीसाठी लोकांनी हमरस्त्यावर दगड आणि झाडं आडवी टाकली. असं आमच्याकडे अधूनमधून होतं. दोन दिवसांत मिटेल, असं सगळे म्हणाले. मिटलं नाही. वस्तीवर फोन लागत नव्हता. नऊची चौकट रिकामी गेली, मग सोळाची. तेवीसच्या सोमवारी डोन सातुर्निनो दुपारी कचेरी बंद होईपर्यंत दाराशी उभे होते. तिसरीही चौकट कोरी राहिली.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी कारकूनबाई मला तपासायची. त्या सकाळी डोन सातुर्निनोंनी मला उघडलं, डोन्या एदुविहेसचं पान काढलं आणि रिकाम्या चौकटी भरायला घेतल्या. पूर्ण नाव, आईच्या आडनावासकट, गोल अक्षरात. वर्षभर ती सही ते दर सोमवारी बघत होते. हुबेहूब जमली. कपाळावर घाम होता, आणि बाहेर कारकूनबाईच्या टाचा वाजत होत्या. रिकामी दिसेल ती चौकट ते भरत गेले. नऊ, सोळा, तेवीस. आणि त्यांच्या वरची दोन तारखेचीही.

मित्रांनो, दोन तारखेला विद्यापीठ बंद होतं. त्या दिवशी शहरातली सगळी माणसं आपापल्या मृतांजवळ कबरस्तानात होती. माझ्यातल्या प्रत्येक पानावर ती चौकट कोरी होती. मला ओरडावंसं वाटलं. पण वहीला तोंड नसतं. कारकूनबाईने नेहमीसारख्या नुसत्या भरलेल्या चौकटी मोजल्या आणि मला मिटलं.

तीस तारखेला डोन्या एदुविहेस आल्या. शेवटचे दोन दिवस दगडांच्या ढिगांवरून चालत आल्या होत्या, बुटाचा तळ दोरीने बांधलेला. पान बघून जागच्या जागी थांबल्या.

"ह्या माझ्या सह्या नाहीत."

"आता आहेत. गपचूप आजची करा."

"डोन सातुर्निनो, हे बरं नाही झालं."

"मग काय, पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षं? शाळा रजा देईल? त्या म्हाताऱ्या थांबतील? करा सही!"

बराच वेळ पेन हवेतच राहिलं. मग त्यांनी सही केली. सणाच्या ताटात आईसाठी मांडलेली, पावासारखी भाजलेली पिठाची बाहुली पिशवीतून काढून डोन सातुर्निनोंच्या हातावर ठेवली आणि निघाल्या.

पुढच्या ऑगस्टात विद्यापीठाने पदव्युत्तर नियम बदलायला घेतले. मार्गदर्शन, मुक्काम, परीक्षा, सगळंच. डोन्या एदुविहेसचा प्रबंध तोवर बांधून आला होता. मुक्काम पुरा व्हायला थोडेच सोमवार उरले होते आणि ऑक्टोबरात तोंडी परीक्षा ठरली होती. नियम बदलायला नेमलेल्या समितीत डॉक्टर आरांसिबिया होती, आणि मुक्कामाच्या नियमावर तीच सगळ्यांत जास्त तुटून पडली.

"तीन सोमवार चुकले म्हणून आपण माणसांना परत पाठवतो. रस्ते बंद, बाळंतपणं, मरणं, आपल्याला काही दिसत नाही. आणा ती वही, दाखवते किती जणांचे मुक्काम तुटले ते!"

मला आणलं. पानं उलटली. तुटलेले मुक्काम एकेक करून मोजले. तेहेतीस निघाले. एकमताने ठरलं, मुक्कामाची अट रद्द. ज्यांचे मुक्काम तुटले आणि जे अजून शिकताहेत, त्यांना माफी. एका मार्गदर्शकाकडे पाचांहून जास्त विद्यार्थी नकोत, आणि दर महिन्याला भेट. मलाही हायसं वाटलं. आपलं काम संपलं याचा आनंद मला पहिल्यांदाच झाला.

तेवढ्यात कायद्याचे प्राध्यापक सामोरानो सहज पानं चाळता चाळता हसले. "हे बघा! मृतांच्या दिवशी सही! या डोन्या एदुविहेस जिवंत आहेत ना? का कबरीतून सुट्टी घेऊन वर आल्या होत्या सही करायला?"

दोघं-तिघं हसले. डॉक्टर आरांसिबिया हसली नाही. तिने मला ओढून घेतलं आणि एका दमात केल्यासारख्या दिसणाऱ्या त्या चार सह्यांवर बोट ठेवून बसून राहिली.

खोटी नोंद आढळली तर नाव कायमचं कमी, असं एक जुनं कलम होतं. त्या दिवशी सगळे नियम बदलले, पण त्या कलमाला हात लावायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोन्या एदुविहेसना बोलावलं. डोन सातुर्निनो चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभे होते. डिसेंबरात ते निवृत्त व्हायचे होते.

"ही सही तुमची?" सामोरानोंनी विचारलं. आज त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"पान माझं आहे, साहेब."

"पान नाही, सही."

डॉक्टर आरांसिबिया पुढे वाकली. "कोणी केली ते सांगा हो. हात जोडते. काहीतरी मार्ग निघेल."

डोन्या एदुविहेसनी दाराकडे बघितलंसुद्धा नाही. "मी परत आले तेव्हा त्या पाहिल्या, डॉक्टरबाई. आणि त्यांच्याखाली माझी सही केली. मग करणारं कोण, याने काय फरक पडतो?"

"अहो, पण तुम्ही त्या चौकटी कोऱ्या का नाही राहू दिल्या!" डॉक्टर आरांसिबिया जवळजवळ ओरडलीच. "कालच तुटलेले सगळे मुक्काम आम्ही माफ केले. चौकटी कोऱ्या असत्या तर ऑक्टोबरात परीक्षा झाली असती तुमची!"

दाराशी ट्रेमधले कप खडखडले. डोन सातुर्निनोंनी तोंड उघडलं. डोन्या एदुविहेस पटकन उठल्या आणि त्यांच्या हातातून ट्रे घेऊन मेजावर ठेवला. "चहा सांडेल," एवढंच म्हणाल्या.

नाव कमी झालं. आठवड्याने त्या प्रबंधाच्या प्रती न्यायला आल्या. कचेरीत दोघंच होते.

"मी आत्ता जाऊन सांगतो," डोन सातुर्निनो म्हणाले. "निवृत्ती गेली खड्ड्यात. मीच बुडवलं तुम्हाला."

"सांगून मला पदवी मिळणार आहे का? मी बघून सही केली, ते तर माझंच आहे. तुम्ही मात्र पेन्शनविना घरी बसाल."

"मी तुमच्या भल्यासाठी..."

"माहीत आहे हो." त्या प्रती पिशवीत भरत होत्या. एक थोडा वेळ हातात धरून राहिल्या. "दोन म्हाताऱ्या गेल्या या वर्षी. त्यांना म्हटलं होतं, तुमचं नाव विद्यापीठात राहील." मग त्यांना रडू आलं. इतक्या सोमवारांत मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहत होते. डोन सातुर्निनो हातात फडकं धरून उभे होते, ते पुढे करावं की नको हे त्यांना कळत नव्हतं.

डिसेंबरात डोन सातुर्निनोंचा निरोपसमारंभ त्याच कचेरीत झाला. पदवी मिळालेल्यांच्या डोक्यावर उधळतात तसे रंगीत कागदाचे तुकडे त्यांच्या डोक्यावर उधळले. "तीस वर्षं, एक डाग नाही!" कुलगुरू म्हणाले. टाळ्या झाल्या. म्हातारा ढसाढसा रडला. सगळ्यांना वाटलं, भरून आलं असेल. डॉक्टर आरांसिबिया तेवढी टाळ्या वाजवायची थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. पण तिनेही काही विचारलं नाही.

मित्रांनो, मी तळघरात आले ती अशी. लोक म्हणतात नियम वाईट होता, आणि खरंच वाईट होता. पण मी तिथेच होते, म्हणून सांगते. त्या नोव्हेंबरात डॉक्टर आरांसिबियाचं दार कचेरीपासून वीस पावलांवर होतं. डोन सातुर्निनो तिथवर गेले नाहीत, कारण शिपायाने प्राध्यापकाचं दार वाजवायचं नसतं, असं त्यांना आयुष्यभर शिकवलं होतं. आणि ती बाहेर आली नाही, कारण आपला एक विद्यार्थी तीन आठवडे दिसला नाही, हे तिला कळलंच नव्हतं.

माझी कसर झटका, मला पुन्हा मेजावर मांडा, असं काही मी मागत नाही. मागणं एवढंच, की कोणाची जागा रिकामी दिसली तर ती गुपचूप भरू नका. वीस पावलं जा, दार वाजवा आणि सांगा, 'बाई अडकली आहे.' तीनच शब्द आहेत. माझ्यासमोर एकोणीस वर्षांत हजारो सह्या झाल्या, पण ते तीन शब्द कोणीच बोललं नाही.