तेलाचं फडकं

थंडी तोंडावर आली की सासऱ्यांच्या अंगात यायचं. एरवी खुर्चीतून हलायला कुरकुरणारा माणूस जिन्याखाली सायकल उलटी करून बसायचा आणि चहा विचारला तरी वसकन अंगावर यायचा.

यंदा सायकल सुनेची होती. इस्पितळाच्या धोबीखान्यात तिची पाळी पहाटेची झाली होती आणि त्या वेळी बस नव्हती, म्हणून शेजाऱ्यांची जुनी सायकल आणली होती. नवऱ्याची सायकल गेल्या हिवाळ्यात नवऱ्याबरोबरच गेली. गोठलेल्या रस्त्यावर, पुलाच्या उतारावरून ती थेट ट्रकखाली शिरली होती.

त्या दिवशी सुनेला उशिरा जाग आली होती. डबा रखडला, नवरा घाईघाईत निघाला. नंतर चारचौघांत सासरे एकदाच बोलले, "ही वेळेवर उठली असती, तर माझा पोरगा आज असता." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. तिला मात्र वर्षभर तेवढंच ऐकू येत होतं.

सासऱ्यांनी ब्रेकचे रबर बदलले, दिवा लावला, चेनला तेल दिलं. मग तेच तेलकट फडकं चाकांच्या रिमवरून मायेने फिरवू लागले.

"असं तेल पाजलं की गंज फिरकत नाही. गेल्या वर्षीच सुचली ही युक्ती. त्याच्या रिम काय चकाकत होत्या."

तिने गल्लीत एक फेरी मारली. वळणावर ब्रेक दाबला, पार मुठीपर्यंत दाबला. सायकल ऐकेना. शेवटी पाय घासत ती भिंतीवर आदळली. गुडघा चोळत तिने रिमवर बोट फिरवलं, ते तेलाने माखलं.

पुलाचा उतार तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. नुसता बर्फ नव्हता तर. आणि उशीरही नव्हता. तिला संताप आला. असंच जाऊन म्हाताऱ्याच्या तोंडावर ते फडकं फेकावं, असं वाटलं.

ती सायकल ढकलत परतली. सासरे पायरीवर बसून चाकाकडे कौतुकाने बघत होते. या वर्षभरात ते किती वाळले होते.

तिने बादलीत साबणाचं पाणी केलं आणि स्वच्छ फडक्याने रिम घासायला घेतल्या. मग रबरही.

"अगं, सगळं तेल काढलंस की. गंजेल ना."

"गंजू दे, बाबा. दर वर्षी मीच पुसत जाईन."

सासरे हिरमुसले. "त्याच्या सायकलीला तर दोनदा हात फिरवला होता मी. माझ्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तेवढा उशीर झाला नसता, तर..."

तिने फडकं पिळलं. काळं पाणी बादलीत पडलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "माझ्यामुळेच झाला उशीर."